मराठवाड्यातील सामाजिक व राजकीय सुधारणा चळवळी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैदराबाद संस्थानाच्या मराठी भाषक प्रदेशात शिक्षण, भाषा, धर्माचार, अस्पृश्यतानिवारण, नागरी हक्क आणि जबाबदार राज्यपद्धती ह्यांसाठी झालेले संघटित प्रयत्न. ह्यांचा काळ स्थूलमानाने १९०० ते १९५० असा मानता येतो. हैदराबाद शहरातील मराठी वकील व शिक्षक, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, लातूर, नांदेड, परभणी येथील शाळा व वाचनालये आणि पुढे महाराष्ट्र परिषद, हैदराबाद स्टेट काँग्रेस व दलित संघटना ही ह्या चळवळींची प्रमुख केंद्रे होत. ब्रिटिश हिंदुस्थानातील मराठी प्रदेशात आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय, हा वाद एकोणिसाव्या शतकातच गाजला होता. मराठवाड्यात तो त्या स्वरूपात उद्‌भवला नाही. कारण तेथे उघड राजकारणाला वावच नव्हता. परिणामी शाळा, वाचनालय, धर्मसभा व उत्सव ह्या संस्थांनाच राजकीय पक्षाचे काम करावे लागले. ह्या परिस्थितीमुळे चळवळीला जे सामर्थ्य व ज्या मर्यादा प्राप्त झाल्या, त्यांचा परिणाम मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनावर स्वातंत्र्योत्तर काळातही दीर्घकाळ राहिला.

पार्श्वभूमी : हैदराबाद हे क्षेत्रफळ व लोकसंख्या ह्या दोन्ही दृष्टींनी हिंदुस्थानातील अग्रगण्य संस्थान होते. १९४१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सु. १ कोटी ६३ लाख होती. त्याचे सोळा जिल्हे असून त्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) हे पाच जिल्हे मराठवाड्यात मोडत. संस्थानात मराठी भाषकांचे प्रमाण सु. एक चतुर्थांश होते. तेलुगू भाषक जवळजवळ निम्मे आणि उरलेल्यांत कन्नड व उर्दू भाषक होते. राज्यकर्ता मुसलमान व बहुसंख्य प्रजा हिंदू, त्यातही प्रजा तीन भाषिक विभागांत विखुरलेली, ही संस्थानाच्या राजकारणाची मूळ चौकट होय.

पहिले सालारजंग (१८२९–८३) ह्यांनी आपल्या दिवाणगिरीत (१८५३–८३) जिल्हे, महसूल व न्यायखाते ह्यांची आधुनिक पद्धतीने मांडणी केली. त्यामुळे सरकारी मुलखात रयतवारी रूढ झाली. तथापि संस्थानाच्या सु. ६० टक्के क्षेत्रावरच सरकारचा प्रत्यक्ष महसुली अंमल होता. उरलेला मुलूख जहागिरदारांकडे आणि ‘सर्फेखास’ म्हणजे निजामाच्या खाजगी मालकीत होता. तेथील रयतेला दाद मागण्याचे मार्ग फारच थोडे होते आणि वेठबिगार सर्रास चाले. १८८० नंतरच्या दशकात दरबारी व्यवहारातील फार्सीची जागा उर्दूने घेतली. मीर उस्मान अली खान (१८८६–१९६७) हे १९११ मध्ये गादीवर आले. त्यांच्या कारकीर्दीत, १९१९ मध्ये, सर अली इमाम ह्यांच्या अध्यक्षतेखाली कार्यकारी मंडळ स्थापन झाले. परंतु अंतिम सत्ता फर्मानाचीच राहिली. विधिमंडळ होते, पण ते अत्यंत लहान व मुख्यतः सरकारनियुक्त असून अंदाजपत्रकावर किंवा राज्यकारभारावर त्याचा ताबा नव्हता.

निर्बंधांचे स्वरूप : खिलाफत व असहकार चळवळींच्या काळात संस्थानात जागृती दिसू लागताच सरकारने सभाबंदीचे हुकूम काढले. १९२० नंतरच्या दशकातील ह्या हुकूमांपैकी ‘गश्ती निशाण ५३’ हे परिपत्रक विशेष कुप्रसिद्ध आहे. त्यान्वये कोणतीही सार्वजनिक सभा भरविण्यासाठी पूर्वपरवानगी आवश्यक ठरली आणि सभा राजकीय स्वरूपाची आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार अधिकाऱ्यांकडे राहिला. खाजगी शाळा, आखाडे व व्यायामशाळा ह्यांनाही परवानगीचे नियम लागू झाले. बाहेरून येणाऱ्या वृत्तपत्रांवर प्रवेशबंदी घालण्यात येई. परवानगी स्पष्टपणे नाकारण्याऐवजी अर्जाचा निर्णय लांबणीवर टाकणे, ही नेहमीची रीत होती. ह्या व्यवस्थेत राजकीय परिषद भरविणे जवळजवळ अशक्य होते. शाळा काढणे कठीण होते, पण अशक्य नव्हते. चळवळीचा पुढील सर्व प्रवास ह्या भेदातून समजतो.

उर्दू शिक्षणाची नवी दिशा : सुधारणेचा पुढाकार केवळ सरकारविरोधकांनीच घेतला, असे म्हणता येत नाही. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हा एक धाडसी शैक्षणिक प्रयोग होता. आधुनिक शास्त्रे, वैद्यक व कायदा हे विषय इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून, म्हणजे उर्दूतून, शिकविण्याचा निर्णय तेथे घेण्यात आला आणि त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग उभारण्यात आला. ह्या प्रयोगात औरंगाबादचा वाटा मोठा आहे. मौलवी अब्दुल हक (१८७०–१९६१) हे १९१२ मध्ये अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू ह्या संस्थेचे चिटणीस झाले आणि त्यांनी तिचे कार्यालय औरंगाबादला आणले. पुढे सु. पंचवीस वर्षे हे शहर उर्दू कोशकार्य, परिभाषानिर्मिती व ग्रंथप्रकाशन ह्यांचे केंद्र होते. संस्थेचे उर्दू हे त्रैमासिक १९२१ मध्ये तेथूनच सुरू झाले. १९२३ मध्ये उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न असे इंटरमीजिएट कॉलेज औरंगाबादला निघाले आणि अब्दुल हक त्याचे प्राचार्य होते.

ह्या सुधारणेची दुसरी बाजू मराठी, तेलुगू व कन्नड मुलांच्या वाट्याला आली. परकीय भाषेऐवजी देशी भाषा हे तत्त्व स्वीकारले गेले, पण ती देशी भाषा संस्थानातील फार थोड्या लोकांची मातृभाषा होती. प्राथमिक शाळेत मराठी शिकणाऱ्या मुलाला माध्यमिक टप्प्यावर उर्दूकडे वळावे लागे. ग्रामीण मराठी मुलाच्या दृष्टीने इंग्रजीची अडचण जाऊन तिच्या जागी दुसरी अडचण आली. विद्यापीठाचे तत्त्व आणि त्याची अंमलबजावणी ह्यांतील ह्या अंतरामुळे मातृभाषेचा प्रश्न मराठवाड्यात निव्वळ साहित्यिक न राहता नागरी हक्काचा बनला.

शाळा व वाचनालये : विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हैदराबादला विवेकवर्धिनी व गुलबर्ग्याला नूतन विद्यालय ह्या शाळा निघाल्या. ह्या पिढीचे अग्रणी केशवराव कोरटकर (१८६७–१९३२) व वामन नाईक हे होत. कोरटकर नामांकित वकील होते आणि पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. सरकारी मानमरातब सांभाळून सार्वजनिक संस्थांना आधार देणाऱ्या नेमस्त पिढीचे ते प्रतिनिधी होत. लक्ष्मणराव फाटक ह्यांचे निजाम विजय हे साप्ताहिक १९२० पासून हैदराबादहून निघू लागले. कडक नियंत्रणाखाली का होईना, संस्थानातील मराठी वाचकांना परस्परांची वार्ता कळण्याचे ते एक साधन झाले.

मराठवाड्यात औरंगाबादची सरस्वती भुवन (१९१५), अंबाजोगाईची योगेश्वरी (१९१७) आणि सेलूचे नूतन विद्यालय (१९३९) ह्या संस्था प्रमुख होत. औरंगाबादला मुलींसाठी शारदा मंदिर ही शाळा निघाली. असहकाराच्या प्रेरणेने उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी हे तिचे संस्थापक होत. व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, म्हणजेच पुढील काळातील स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–७२), ह्यांनी संस्थानातील आपल्या कार्याचा प्रारंभ ह्याच शाळेत शिक्षक म्हणून केला. तत्पूर्वी कामगार नेते ना. म. जोशी ह्यांच्याबरोबर त्यांनी काम केले होते. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईच्या (तत्कालीन मोमिनाबाद) शाळेत आले. बाबासाहेब परांजपे ह्यांच्यासारखे त्यांचे सहकारी व अनेक विद्यार्थी पुढील लढ्यात कार्यकर्ते झाले.

ह्या शाळांमधून देण्यात येणारे शिक्षण वरकरणी साधेच होते : मराठी, गणित, इतिहास, व्यायाम आणि सूतकताई. परंतु वर्गणी गोळा करणे, कार्यकारिणी निवडणे, हिशेब लोकांपुढे मांडणे आणि परवानगीसाठी अधिकाऱ्यांशी नेटाने पत्रव्यवहार करणे ह्या गोष्टी गावोगावच्या लोकांना येथेच प्रथम शिकावयास मिळाल्या. प्रातिनिधिक संस्था नसलेल्या प्रदेशात शाळेची कार्यकारिणी हीच लोकशाहीची पहिली पाठशाळा ठरली. वाचनालयांचे कार्यही असेच होते. औरंगाबादच्या बलवंत वाचनालयासारख्या संस्थांत पुण्या-मुंबईची वृत्तपत्रे वाचली जात. गणेशोत्सवातील मेळे व कीर्तने ह्यांतून सभाबंदीला वळसा घालून विचारप्रसार होई. शेजारच्या परिस्थितीशी तुलना केल्यास हे वेगळेपण स्पष्ट होते. बडोद्यात सयाजीराव गायकवाड ह्यांनी १९१० मध्ये डब्ल्यू. ए. बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून राज्यभर सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभारली. तेथे राजा हाच सुधारक होता. मराठवाड्यात तेच काम स्थानिक लोकांना सरकारचा संशय पत्करून वर्गणीवर करावे लागले.

धार्मिक व सामाजिक सुधारणा : आर्य समाजाच्या शाखा संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात स्थापन झाल्या. मूर्तिपूजा, बालविवाह व जन्मजात जातिभेद ह्यांना विरोध, विधवाविवाहाचा पुरस्कार, शुद्धी आणि शिक्षणप्रसार हा समाजाचा कार्यक्रम होता. उद्‌गीर, लातूर, धारूर, नांदेड ह्या भागांत त्याचा प्रभाव वाढला. उद्‌गीरचे भाई बन्सीलाल व भाई श्यामलाल हे त्याचे धडाडीचे कार्यकर्ते होत. श्यामलाल ह्यांचा १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात मृत्यू झाला. हवनकुंड, मिरवणूक व उपदेशकांचा प्रवेश ह्यांवरील निर्बंधांविरुद्ध समाजाने १९३९ मध्ये मोठा सत्याग्रह केला. त्यात देशभरातून आलेल्या हजारो स्वयंसेवकांनी तुरुंगवास पत्करला. आर्य समाजाने हिंदू समाजातील अनेक रूढींना धक्का दिला व सामान्य माणसांत निर्भयता आणली. मात्र १९२७ मध्ये स्थापन झालेल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ह्या संघटनेच्या वाढीबरोबर दोन्ही बाजूंचे धर्मांतरविषयक प्रचारकार्य तीव्र झाले आणि धार्मिक तेढही वाढली, हे नाकारता येत नाही.

सामाजिक परिषदांचा उपक्रमही ह्याच काळातील आहे. नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादला विवेकवर्धिनीच्या सभागृहात महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांच्या अध्यक्षतेखाली निजाम राज्य सामाजिक परिषद भरली. स्त्रीशिक्षण व विवाहसुधारणा हे तिचे विषय होते. परंतु एका सदस्याने तेलुगूत भाषण सुरू करताच सभेत त्याची हुर्यो उडविण्यात आली. त्यामुळे दुखावलेल्या तेलुगू प्रतिनिधींनी आंध्र जनसंघम् ही स्वतंत्र संस्था स्थापिली आणि तिच्यातूनच १९३० मध्ये आंध्र महासभा उदयास आली. उर्दूच्या वर्चस्वाने त्रस्त झालेल्या मराठी सुशिक्षितांच्या सभेत दुसऱ्या देशी भाषेची अवहेलना व्हावी, ही घटना उद्‌बोधक आहे. तिच्यामुळे संस्थानातील सुधारणाकार्य तीन भाषिक प्रवाहांत विभागले गेले. कर्नाटक परिषद १९३४ मध्ये व महाराष्ट्र परिषद १९३७ मध्ये स्थापन झाली.

स्त्रियांच्या प्रश्नाला शाळांपलीकडे संघटित रूप येण्यास विलंब लागला. मुक्तिसंग्रामात आशाताई वाघमारे, दगडाबाई शेळके इ. स्त्रियांनी जोखमीची कामे केली. तथापि वारसा, मजुरी व विवाहविषयक हक्क हे विषय परिषदांच्या ठरावांत फारसे आले नाहीत.

अस्पृश्यताविरोधी चळवळ : संस्थानातील दलित जागृतीचे आद्य केंद्र हैदराबाद शहर होय. भाग्यरेड्डी वर्मा (१८८८–१९३९) ह्यांनी १९०६ पासून तेथे अस्पृश्यांसाठी शाळा, व्यसनमुक्ती व देवदासी प्रथेचा निषेध ह्या प्रकारचे कार्य केले. मराठवाड्यातील चळवळ मात्र प्रामुख्याने डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांच्या नेतृत्वाशी जोडलेली आहे. १९३४ मध्ये आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळ पाहण्यास निघाले असता दौलताबादच्या किल्ल्याजवळील टाक्याच्या पाण्याने त्यांनी हातपाय धुतले. त्यावर तेथील मुसलमानांनी पाणी बाटविल्याचा आरोप करून त्यांचा अपमान केला. ह्या प्रसंगाचे वर्णन आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. अस्पृश्यता ही एकाच धर्माच्या लोकांपुरती मर्यादित राहिलेली नाही, असा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला.

३० डिसेंबर १९३८ रोजी औरंगाबाद जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील मक्रणपूर येथे आंबेडकरांच्या उपस्थितीत अस्पृश्यांची परिषद भरली. भाऊसाहेब मोरे हे तिचे प्रमुख संयोजक होते. फेब्रुवारी १९४१ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद झाली. वतनाच्या नावाखाली अत्यल्प मोबदल्यात करून घेतली जाणारी सक्तीची गावकी, तसेच सार्वजनिक पाणवठे व शिक्षण हे दलितांचे ज्वलंत प्रश्न होते. संस्थानातील उच्चवर्णीय नेतृत्व प्रामुख्याने निजामाच्या सत्तेविषयी बोलत होते. दलित वक्त्यांच्या दृष्टीने पाटील, देशमुख व सावकार ह्यांची गावातील सत्ता हा अधिक निकटचा प्रश्न होता. ह्या दोन चळवळी एकाच काळात व एकाच जिल्ह्यात चालू असूनही त्यांचे व्यासपीठ एक होऊ शकले नाही.

राजकीय परिषदा : संस्थानाच्या हद्दीत परिषदेस परवानगी मिळत नसल्यामुळे हैदराबाद राजकीय परिषदेची पहिली चारही अधिवेशने ब्रिटिश मुलखात भरली : काकिनाडा (१९२३), मुंबई (१९२६), पुणे (१९२८) व अकोला (१९३१). काकिनाड्याचे अध्यक्ष माधवराव अणे, तर पुण्याचे न. चिं. केळकर होते. भाषणस्वातंत्र्य, संघटनास्वातंत्र्य व प्रातिनिधिक विधिमंडळ ह्या मागण्या तेथे ठरावरूपाने मांडण्यात आल्या. परंतु परक्या भूमीवरील ह्या ठरावांचा संस्थानातील शेतकऱ्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग अरुंद होता. १९३५ मध्ये निजाम्स सब्जेक्ट्स लीग स्थापन झाली. बाहेरून येणाऱ्या अधिकाऱ्यांविरुद्ध ‘मुल्की’ हिंदू व मुसलमान ह्यांना एकत्र आणण्याचा हा उल्लेखनीय प्रयत्न होता; तो फार काळ टिकला नाही.

१९३७ मध्ये तत्कालीन परभणी (आता जालना) जिल्ह्यातील परतूर येथे गोविंदराव नानल ह्यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. संस्थानाच्या हद्दीत मराठी भाषकांची अशी परिषद भरू शकली, हेच तिचे पहिले यश होय. परवानगी टिकून राहावी म्हणून तिचे ठराव सौम्य होते. १९३८ मधील लातूरच्या अधिवेशनात मात्र तरुण गटाचा प्रभाव वाढला आणि रामानंद तीर्थ चिटणीस झाले. त्याच वर्षी आ. कृ. वाघमारे ह्यांनी संस्थानाबाहेरून मराठवाडा हे साप्ताहिक सुरू केले. संस्थानात त्यावर बंदी आल्यावर नाव बदलून ते पुनःपुन्हा काढण्यात आले.

१९३८ चे वर्ष : हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना जाहीर होताच, तिचे रीतसर कार्य सुरू होण्यापूर्वीच सप्टेंबर १९३८ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानल ह्यांच्या पहिल्या तुकडीने बंदी मोडून सत्याग्रह सुरू केला. २७ ऑक्टोबरला रामानंद तीर्थांनी अटक करून घेतली. ह्याच सुमारास आर्य समाज व हिंदू महासभा ह्यांनीही धार्मिक हक्कांसाठी लढा उभारल्यामुळे राजकीय सत्याग्रहालाही जातीय समजले जाण्याचा धोका निर्माण झाला. महात्मा गांधींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने २४ डिसेंबर रोजी सत्याग्रह स्थगित केला. बंदी पुढे जुलै १९४६ पर्यंत कायम राहिली.

नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थ्यांनी ती झुगारली. हे लोण उस्मानिया विद्यापीठ व इतर महाविद्यालयांपर्यंत पोहोचले आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतील एक होत. औरंगाबादचे शिक्षक गोविंदभाई श्रॉफ (१९११–२००२) ह्याच पर्वात नेतृत्वस्थानी आले आणि त्यांच्याबरोबर चळवळीत समाजवादी विचारांचा गट बळावला. उर्दू शिक्षणाच्या प्रयोगासाठी निघालेल्या महाविद्यालयातूनच राजवटीला आव्हान देणारी पिढी तयार झाली.

सरकारने अरवमुदु अय्यंगार समितीच्या अहवालावरून जुलै १९३९ मध्ये घटनात्मक सुधारणा घोषित केल्या. ८५ सदस्यांच्या विधिमंडळात ४२ निर्वाचित सदस्य असावेत, मतदारसंघ प्रादेशिक नसून जमीनदार, शेतकरी, वकील, व्यापारी अशा हितसंबंधांनुसार असावेत आणि हिंदू-मुसलमानांना समान प्रतिनिधित्व असावे, अशी ही योजना होती. मंत्रिमंडळ विधिमंडळाला जबाबदार असणार नव्हते. त्यामुळे राजकीय संघटनांचे तिने समाधान झाले नाही आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिची अंमलबजावणीही लांबली.

संग्राम व जमीनसुधारणा : १९४७ च्या ऑगस्टमध्ये रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने भारतात विलीनीकरणाचा लढा पुकारला. इत्तेहादुल मुसलमीनचा तत्कालीन नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील होता. त्याच्या रझाकार दलाच्या अत्याचारांमुळे सीमेवर प्रतिकार केंद्रे उभी राहिली. शिंदीची झाडे तोडणे, करोडगिरी नाक्यांवर हल्ले करणे ह्या मार्गांनी खेड्यांतील लोक लढ्यात आले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने संस्थानात प्रवेश केला आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर झालेल्या सूडाच्या कृत्यांत मराठवाड्यातील अनेक निरपराध मुसलमानांना जीव गमवावा लागला, ही ह्या इतिहासाची दुःखद बाजू होय.

आर्थिक सुधारणांचे काम सत्तांतरानंतरच मार्गी लागले. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरदारी नष्ट करण्यात आली, सर्फेखास मुलूख सरकारात विलीन झाला आणि १९५० मध्ये कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम संमत झाला. तेलंगणात जमिनीचा प्रश्न १९४६ पासून सशस्त्र लढ्याच्या रूपाने पुढे आला होता. मराठवाड्यात रयतवारी अधिक प्रचलित असल्यामुळे आणि चळवळीचे नेतृत्व मुख्यतः वकील, शिक्षक व विद्यार्थी ह्यांच्याकडे असल्यामुळे तो तितका तीव्र झाला नाही. भूमिहीन मजूर ह्या कायद्यांच्या कक्षेबाहेरच राहिला.

अमेरिकेतील समकालीन चळवळींशी तुलना : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सु. १९०० ते १९१७ हा कालखंड ‘पुरोगामी युग’ म्हणून ओळखला जातो. कारखानदारी व शहरवाढ ह्यांतून उद्‌भवलेल्या दोषांवर तेथील मध्यमवर्गाने वृत्तपत्रे, मतपेटी व कायदे ह्यांद्वारे उपाय शोधले. अप्टन सिंक्लेअर ह्यांच्या कादंबरीने शिकागोतील मांस-कारखान्यांची स्थिती उघड केली आणि १९०६ मध्येच अन्नशुद्धीविषयक कायदे झाले. सिनेटच्या सदस्यांची प्रत्यक्ष निवडणूक १९१३ मध्ये व स्त्रियांचा मताधिकार १९२० मध्ये घटनादुरुस्तीने मान्य झाला. जेन ॲडम्स ह्यांनी १८८९ मध्ये शिकागोत स्थापिलेले हल हाउस हे गरीब वस्तीतील शिक्षणाचे व सेवेचे केंद्र होते.

हिप्परग्याची किंवा अंबाजोगाईची शाळा आणि हल हाउस ह्यांच्यामागील श्रद्धा बरीचशी समान आहे : शिक्षण हे नागरिकत्वाचे साधन होय. भेद आहे तो परिस्थितीचा. अमेरिकन सुधारकाला वृत्तपत्र, न्यायालय व विधिमंडळ ही साधने उपलब्ध होती. मराठवाड्यातील सुधारकाला ती साधने मिळविणे हेच पहिले उद्दिष्ट मानावे लागले. उणिवेतही मात्र साम्य आढळते. पुरोगामी युगातील बहुतेक गोऱ्या सुधारकांनी कृष्णवर्णीयांच्या विलगतेकडे डोळेझाक केली, म्हणून १९०९ मध्ये त्यांच्या हक्कांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था स्थापावी लागली. मराठवाड्यात अस्पृश्यांनाही आपले व्यासपीठ निराळेच उभारावे लागले.

ह्या दोन प्रदेशांना जोडणारा एक प्रत्यक्ष दुवाही आहे. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ ते १९१६ ह्या काळात, म्हणजे पुरोगामी युगाच्या ऐन भरात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. एडविन सेलिग्मन व जॉन ड्यूई हे त्यांचे गुरू. लोकशाही म्हणजे केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्यूई ह्यांचा विचार आंबेडकरांच्या लेखनात वारंवार आढळतो. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने त्यांनी औरंगाबादला जे महाविद्यालय काढले आणि ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले, ते ह्या विचाराचेच मूर्त रूप म्हणता येईल. मराठवाड्यातील दलित तरुणांच्या पहिल्या उच्चशिक्षित पिढ्या तेथे घडल्या आणि पुढील काळातील दलित साहित्याच्या उदयातही ह्या परिसराचा वाटा मोठा आहे. त्याच वर्षी नांदेडला रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले. दोन निरनिराळ्या चळवळींनी सत्तांतरानंतर प्रथम हाती घेतलेले काम एकच होते, हे लक्षणीय आहे.

मूल्यमापन : १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि प्रदेशातच विद्यापीठ असावे ही जुनी आकांक्षा पूर्ण झाली. परंतु पूर्वकालीन चळवळींनी बाजूला ठेवलेला प्रश्न ह्याच विद्यापीठाच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला. विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव राज्य विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये संमत करताच मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली आणि माणसे मारली गेली. मुक्तिसंग्रामातील काही ज्येष्ठ नेत्यांचाही नामांतरास विरोध होता. मराठवाडा हे नाव आपल्या लढ्याची खूण आहे, असे त्यांना वाटे. त्याच प्रदेशात माणूस म्हणून मान्यता मिळविण्याची खूण म्हणून दलित समाज आंबेडकरांच्या नावाकडे पाहत होता. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी दोन्ही नावे एकत्र करून ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार करण्यात आला.

प्रातिनिधिक संस्थांचा अभाव, भाषिक कोंडी व जहागिरदारी अशा त्रिविध अडचणींत मराठवाड्यातील सुधारकांनी लोकवर्गणीच्या शाळांमधून राजकीय जागृती घडवून आणली, हे त्यांचे कार्य असामान्य आहे. सभा भरविता न येणाऱ्या प्रदेशाला त्यांनी एका पिढीच्या अवधीत संघटित लढ्यापर्यंत नेले. एका सत्तेविरुद्ध सर्वांना एकत्र आणण्याच्या निकडीमुळे समाजांतर्गत विषमतेची चर्चा मात्र त्यांनी पुढे ढकलली. ती दुसऱ्यांनी, निराळ्या व्यासपीठांवरून केली. मराठवाड्याच्या सुधारणेचा इतिहास म्हणूनच परतूर व लातूर ह्यांच्याबरोबर मक्रणपूर व तडवळे ह्यांचीही नोंद घेतल्याखेरीज पूर्ण होत नाही.

[→ आंबेडकर, भीमराव रामजी, आर्य समाज, उस्मानिया विद्यापीठ, तीर्थ, स्वामी रामानंद, मराठवाडा, हैदराबाद संस्थान].